आत्याचं पत्र माझ्या पोटात अडकलं तेव्हा

मित्रांनो, मी जुना झालोय हे मला कुणी सांगायची गरज नाही. तरी प्रत्येक जण सांगतो. पाहुणा येतो, माझं बटण दाबतो, पडदा उजळायला जरा वेळ लागला की मान हलवतो आणि म्हणतो, "हा अजून चालतो?" चालतो, बाबा. तुझ्या डोळ्यांदेखत चालतोय. संगणकाचं काहीही बिघडलं की लोकांना एकच निदान सुचतं, जुना झालाय. उंदराने वायर कुरतडली तरी जुना झालाय, वीज गेली तरी जुना झालाय. या एका निदानापायी एका बाईला आलेलं पत्र एकोणीस दिवस माझ्या पोटात अडकून राहिलं. त्यातला शब्द न् शब्द मला ठाऊक होता आणि मी ढिम्म बसून होतो. तीच हकिगत सांगतो, पण आधी माझी ओळख करून देतो.

मी कुठल्या मोठ्या कारखान्यात जन्मलो नाही. एका दुकानाच्या मागच्या खोलीत, टेबलावर वर्तमानपत्र पसरून मला जोडलं गेलं. पेटी एकाची, पंखा दुसऱ्याचा, बोर्ड तिसऱ्याचा. सगळे बारा गावचं पाणी प्यायलेले भाग. जोडणारा माणूस चष्मा कपाळावर सरकवून काम करायचा आणि हातातला स्क्रू खाली पडला की स्वतःलाच शिव्या द्यायचा. हात मात्र त्याचा साफ होता. त्याने माझ्या पोटातल्या वायरी एकीकडे बांधून घेतल्या, बटण दाबलं आणि मी पहिल्या फटक्यात सुरू झालो.

तिथून मी एका छापखान्यात गेलो. पावती पुस्तकं, दुकानांची पत्रकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका, हरवलेल्या माणसांच्या जाहिराती, सगळं माझ्या पडद्यावर जुळायचं. एकदा मतदारयाद्यांचं काम आलं. अकरा हजार नावं, आणि मुदत तीन दिवसांची. मी एकदाही अडलो नाही. शेवटचं पान छापून झालं तेव्हा मालकांनी माझ्या डोक्यावर थाप मारली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं, "हा माझा उजवा हात आहे." मित्रांनो, मी खूप फुशारलो तेव्हा. मग नवे संगणक आले आणि उजवा हात कोपऱ्यात गेला. माझ्या डोक्यावर कागदाची रिमं रचली गेली, चहाचे कप ठेवले गेले. पुढे मालकांची पाठ धरू लागली, त्यांनी छापखाना विकला. घेणाऱ्याने सगळं नेलं, अगदी भिंतीवरचं घड्याळही नेलं. माझ्यासमोर येऊन तो थांबला आणि म्हणाला, "हा राहू दे तुमच्याकडे, आठवण म्हणून." एवढ्या गोड शब्दांत मला कधी कुणी नाकारलं नव्हतं.

मालकांनी मला घरी आणलं आणि बहिणीच्या खोलीत ठेवलं. ही त्यांची थोरली बहीण. घरात सगळे तिला आत्या म्हणत, म्हणून मीही आत्याच म्हणतो. मालकांची बायको गेली तेव्हा त्यांची मुलगी चार वर्षांची होती. ती आधीपासूनच आत्याच्या अंगाखांद्यावर होती; पुढे आत्यानेच तिला वाढवलं. ती मुलगी आता बावीस वर्षांची आहे, दूर शिकायला असते, पण घरात तिचं नाव अजून छोटीच आहे.

आत्याला ऐकू येत नाही. तीन वर्षांची असताना ताप आला आणि उतरताना कान घेऊन गेला. ती मुक्या-बहिऱ्यांच्या निवासी शाळेत दहा वर्षं राहिली, हातांनी बोलायला शिकली आणि शिवण शिकून आली. तिची खोली म्हणजेच तिचं दुकान. खिडकीशी शिवणयंत्र, मध्ये बेतायचं टेबल, दोरीवर अर्धवट झालेले कपडे. शिवणयंत्राच्या शेजारीच विजेचं बटण होतं, म्हणून माझी जागा तिथे ठरली. गिऱ्हाइकांची मापं ती माझ्यात लिहून ठेवायची. कुणाचा गळा किती, कुणाचा खांदा उतरता, कुणाची कंबर दर वर्षी दोन बोटं वाढते, सगळं माझ्याकडे आहे आणि मी कधी बाहेर फोडलेलं नाही. छापखान्याचा थाट नव्हता, पण कामाला होतो. डोक्यावर चहाचे कप नव्हते. मी सुखी होतो.

एक दिवस टपालाने एक छोटं पाकीट आलं. आत पेन ड्राइव्ह होता, आणि पाकिटावरचं नाव वाचून आत्याचा चेहरा उजळला. शाळेत शेजारच्या पलंगावर झोपणाऱ्या मैत्रिणीने तो पाठवला होता. हातांनी बोलणाऱ्यांमध्ये प्रत्येकाला खुणेचं एक नाव असतं. या मैत्रिणीच्या गालाला खळी पडते, म्हणून तिचं नाव म्हणजे गालावर टेकवलेलं बोट. मी तिला खळी म्हणेन. तिला चार ओळी लिहायचा कंटाळा. सगळं बोलणं हातांत. मुलाने नवा कॅमेरा आणला होता, त्याच्याकडून तिने चौदा मिनिटांचा व्हिडिओ करून घेतला होता. ते तिचं पत्र होतं.

मालकांनी पेन ड्राइव्ह लावून दिला आणि ते बाहेर गेले. पडद्यावर खळी दिसली. खुर्चीवर बसलेली, मागे फुलाफुलांचा पडदा. तिने गालावर बोट टेकवलं, मग चिमटीत सुई धरल्यासारखं केलं. ते आत्याचं नाव. आत्याने इकडून तशीच खूण केली, जणू समोर बसलीय. पहिली तीन मिनिटं सुरळीत गेली. खळीने मुलाची, सुनेची, घराच्या गळक्या छताची बातमी दिली. आणि मग, मित्रांनो, मी गचके खायला लागलो.

त्याचं असं आहे. व्हिडिओ म्हणजे भराभर दाखवलेली चित्रं. खळीच्या मुलाच्या कॅमेऱ्याने सेकंदाला साठ काढली होती, तीही भलीमोठी, आणि नव्या पद्धतीने आवळून भरलेली. माझ्या काळात ती गाठ सोडवायला कुणी शिकवलं नव्हतं. मी आपला नखांनी सोडवत होतो. पहिली तीन मिनिटं दम लावून निभावलं, मग तापलो, मागे पडायला लागलो. आणि मागे पडलो की आम्ही काय करायचं, याचा नियम ठरलेला आहे. आवाज तुटू द्यायचा नाही; चित्रं टाकून द्यायची. नियम करणाऱ्याला वाटलं असणार, माणसं कानांनीच ऐकतात.

आता या व्हिडिओत आवाज होता तरी कसला? छताच्या पंख्याची घरघर, रस्त्यावर कुणाची तरी मोटारसायकल, आणि खळीचे हात एकमेकांवर आपटल्याचा टप टप आवाज. ही घरघर मी अगदी जपून, एक कण न सांडता आत्यापुढे ठेवली. आणि बोलणारे हात फेकून दिले. मूर्खपणा मला दिसत होता, पण मला नियम मोडता येत नाही.

आत्याने मालकांना हाताला धरून आणलं. मालकांनी बघितलं आणि माझ्या कुशीत एक गुद्दा घातला. छापखान्यातली सवय. काही झालं नाही. मग शेजारचे साहेब आले. निवृत्त माणूस, दुसऱ्याच्या घरात बिघाड झाला की यांना हुरूप येतो.

"व्हायरस आहे," साहेब बसायच्या आधीच म्हणाले.

"कशावरून?" मालकांनी विचारलं.

"अहो, दुसरं काय असणार?"

त्यांनी माझ्यात एक राखणदार प्रोग्रॅम घातला. माझ्याकडे एक आधीच होता. आता दोघे जण दाराशी बसून येणारं प्रत्येक चित्र उलटंपालटं करून तपासायला लागले, आणि एकमेकांवरही संशय घ्यायला लागले. आधी दहातली चार चित्रं जात होती, आता सहा जायला लागली. साहेबांनी ते पाहिलं आणि समाधानाने म्हणाले, "बघा, म्हणजे व्हायरस किती मुरलाय."

चार दिवसांनी दुरुस्तीवाला आला. खांद्याला बॅग, कानाला फोन. फोनवर बोलता बोलताच त्याने व्हिडिओ लावला, अर्धा मिनिट ऐकला आणि म्हणाला, "आवाज तर एकदम साफ आहे."

मालक म्हणाले, "तिला ऐकू येत नाही."

"अच्छा." त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला. "मग आवाज बंदच करून टाकू. तेवढंच ओझं कमी."

दुरुस्तीवाल्याने मला वरून, पुढून, मागून बघितलं. आतून बघितलं नाही. "सगळं पुसून नव्याने टाकतो," तो म्हणाला. आत्याला शब्द ऐकू आले नाहीत, पण त्याने हवेत हात फिरवून पुसायची खूण केली ती बरोबर समजली. ती उठली आणि माझ्यापुढे उभी राहिली. तीनशे बायकांची मापं होती माझ्यात. "मग नवीनच घ्या," दुरुस्तीवाला म्हणाला. "हा जुना झालाय."

मालक म्हणाले, साहेबांच्या घरी मोठा पडदा आहे, तिथे लावू. आत्याने ठामपणे नकाराची मान हलवली. मागे एकदा असं झालं होतं. दुसऱ्यांच्या घरी तिने खळीचा निरोप लावला आणि बघायला पाच-सात जण जमले. हातवारे बघून त्यांना गंमत वाटत होती. एक बाई तर हसून हसून डोळे पुसत होती. आपलं पत्र पुन्हा कुणापुढे उघडं करायला आत्या तयार नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी खोलीत कुणी नव्हतं. आत्याने दार लोटलं आणि एकटीने ते पत्र पुन्हा लावलं. जेवढं हाती लागेल तेवढं वेचायचं ठरवून ती पुढे सरकून बसली. मी जीव तोडून प्रयत्न केला, खरंच केला. तिला दिसलं ते असं: डोळे. ऑपरेशन. मग खळीचे हात हवेत थिजले, एकदम भलतीकडेच दिसले. बाजूला. मध्ये. डॉक्टर. पुन्हा थिजले. मग दोन्ही हात छातीकडे ओढून, ये. नेमकी त्याच क्षणी तिच्याकडे वाऱ्याची झुळूक आली आणि मागचा फुलाफुलांचा पडदा फडफडला. चित्र असं सगळीकडून हललं की माझं ओझं दुप्पट होतं. मी अडखळलो. एक अख्खा सेकंद गिळला. आणि पुढच्या चित्रात खळीचा पंजा आडवा हलत होता. नको.

ये, नको. येऊ नको.

आत्याने तिथेच पुन्हा लावलं. तापलेला मी पुन्हा तिथेच अडखळलो. तिसऱ्यांदाही तेच. मी गिळलेल्या त्या सेकंदात काय होतं ते मला माहीत होतं, मित्रांनो. तो सेकंद माझ्यापाशी सुखरूप होता. फक्त तिच्यापर्यंत पोचत नव्हता.

येऊ नको हे तिला खरं वाटायला कारणही होतं. दोन वर्षांपूर्वी खळीचा नवरा गेला तेव्हा आत्या जाऊ शकली नव्हती. छोटी तेव्हा घरीच होती, तिची परीक्षा होती, घर सोडता येत नव्हतं. खळी काही बोलली नाही, पण आत्याच्या मनात ते सलत होतं. आता तिला वाटलं, मैत्रिणीने शेवटी मनातलं सांगितलं. तिने मला बंद केलं, माझ्यावर कापड टाकलं आणि गणवेशांच्या सदऱ्यांना बटणं लावायला बसली. संध्याकाळी तिने एक कार्ड लिहिलं. "पत्र मिळालं. ठीक आहे." आणि पेटीत टाकून आली.

त्यानंतर चौदा दिवस तिने मापं वहीत लिहिली. मला सुरूच केलं नाही. मालक दोनदा खोलीत आले, बहिणीचा चेहरा बघितला, बोटांनी जेवणाची खूण केली आणि गेले. जेव, ये, बस, पुरे, यापलीकडे त्यांना खुणा येत नव्हत्या. एका घरात वाढलेला सख्खा भाऊ, आणि "काय झालं" एवढं विचारायला त्याच्याकडे शब्द नव्हता. माझी चिडचिड स्वतःवर होती, साहेबांवर होती, दुरुस्तीवाल्यावर होती. त्यात आता मालकांचीही भर पडली.

मग सुट्टीला छोटी आली. ती बोलायच्या आधी खुणा शिकलेली मुलगी. दारातूनच तिने आत्याला विचारलं, "काय बिनसलंय?"

"काही नाही."

"हे कापड कशाला टाकलंय याच्यावर?"

"बिघडलाय."

छोटीने कापड काढलं. पेन ड्राइव्ह लावलेलाच होता. तिने पत्र सुरू केलं आणि, मित्रांनो, सांगायला बरं वाटतं, ती पडद्याकडे बघत बसली. सल्ला दिला नाही. तीन मिनिटं बघितलं, मी गचके खायला लागलो तरी बघत राहिली. मग तिने विचारलं, "सुरुवातीला बरा चालतो आणि मग बिघडतो. नेहमी असंच होतं?"

इतक्या दिवसांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. आत्याने जरा विचार केला आणि हो म्हणाली.

छोटीने साहेबांचा राखणदार शोधून काढला. "याला कुणी बोलावलं होतं?" ती पुटपुटली आणि त्याला घालवून दिलं. मला थोडा श्वास मिळाला, पण थोडाच. तोवर आत्या उठून माझ्याजवळ आली होती. तिने माझ्या कुशीवर पंजा ठेवला. मग शिवणयंत्रावर ठेवला, मग पुन्हा माझ्यावर. ती शिवणयंत्राचा बिघाड असाच ओळखते. दोरा अडकला, पट्टा सैल झाला, तेल संपलं, सगळं तिला तळहाताला कळतं.

"हा आधी असा थरथरत नव्हता," ती छोटीला म्हणाली. "आधी बारीक, एकसारखा. आता दम लागल्यासारखा. आणि किती गरम झालाय बघ."

"मग एवढे दिवस सांगितलं का नाहीस?"

"कुणाला सांगू?"

छोटी उठून स्क्रू काढायचं हत्यार घेऊन आली.

छापखाना सोडल्यापासून पहिल्यांदा माझं झाकण निघालं. मला लाज वाटली. सहा वर्षं मी शिवणयंत्राच्या कुशीत बसलो होतो आणि कापडाचा प्रत्येक कण माझ्या पंख्याने आत ओढून घेतला होता. पंख्याखालच्या पट्ट्यांवर त्याची जाड गादी बसली होती. गणवेशांचा निळा, कुणाच्या तरी लोकरी कोटाचा राखी, मध्ये एक लाल दोरा पंख्याच्या दांड्याला सात-आठ वेढे घालून बसलेला. पंखा फिरत होता, पण वाराच जात नव्हता. असा तापलो की आम्ही जळू नये म्हणून आपसूक हळू होतो. त्याला लोक जुना झालाय म्हणतात.

आत्याने शिवणयंत्र साफ करायचा ब्रश घेतला. छोटीने पंखा बोटाने धरून ठेवला, आत्याने बारीक कात्रीने लाल दोरा कापला, वेढा वेढा करून काढला, मग पट्ट्यांमधली गादी चिमट्याने उचलली. ती एका तुकड्यात निघाली, घोंगडीसारखी. आत्याने ती उजेडात धरली. निळा कुठल्या शाळेचा, राखी कुणाचा, तिला ओळखू येत होतं. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा हसली.

झाकण लागलं, मी सुरू झालो. हलकं वाटत होतं. पण पत्र लावलं तर चौथ्या मिनिटाला मी पुन्हा अडखळलो. कमी, पण अडखळलो. मला वाटलं आता आलं, आता ही पोरगीही म्हणणार. ती म्हणाली, "याचा दोष नाही. याला झेपेल एवढाच घास द्यायला हवा." ती त्या पत्राची एक लहान प्रत करायला बसली. चित्रं सेकंदाला तीस, आकार निम्मा, गाठ जुन्या पद्धतीची. ते कामही मलाच करायचं होतं. सकाळी अकराला तिने सुरू केलं आणि पडद्यावर वेळ आली, पाच तास. कुणी घाई केली नाही. मी एकेक चित्र उलगडत, लहान करत, पुन्हा घडी घालत बसलो. मतदारयाद्यांनंतर एवढं काम केलं नव्हतं.

काम चालू असताना छोटीने विचारलं, "खळीमावशीने काय सांगितलंय?"

"येऊ नको म्हणते."

"तुला? येऊ नको?"

"बरोबरच आहे तिचं. तेव्हा मी गेले नाही."

"ती असं म्हणणार नाही, आत्या."

"मी डोळ्यांनी पाहिलं. तीनदा."

दुपारी सव्वाचारला काम संपलं. आत्याला ते बघायचं नव्हतं. छोटीने तिला दंड धरून बसवलं. मी सुरुवात केली. गळकं छत झालं, सून झाली. मग खळी सांगू लागली आणि या वेळी मी एकही हात सांडला नाही.

"माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. उपयोग झाला नाही. बाजूचं दिसायचं बंद झालंय. मध्ये नाण्याएवढी जागा राहिलीय, तीही बारीक होत चाललीय. डॉक्टर म्हणतात, वर्षभरात जाईल. मग कुणी बोललं तरी मला कळणार नाही. आहे तेवढ्या जागेत मला तुला बघायचंय. ये."

वाऱ्याची झुळूक आली. मागचा पडदा फडफडला. खळीने स्वतःच्या कानाची पाळी धरून खाली ओढली. त्यांच्या शाळेत वर्गात उशिरा आलेल्या मुलींचा कान बाई पिरगाळायच्या, म्हणून त्या मुलींच्या भाषेत कान ओढणं म्हणजे उशीर. मग तिचा पंजा आडवा हलला.

ये. उशीर नको.

छोटीने मला थांबवलं, मागे नेलं, पुन्हा दाखवलं. आत्याचा हात हळूहळू वर गेला आणि तिने आपली कानाची पाळी धरली. तशीच धरून ती बसली. डोळ्यांतून पाणी ओघळत होतं आणि ती पुसत नव्हती, कारण पुसलं तर पडदा दिसला नसता.

मालक दारात उभे होते. "काय म्हणतेय ती?" त्यांनी छोटीला विचारलं.

छोटी एकदम वळली. तिचा आवाज चढला नाही, पण मी दचकलो. "बाबा, ती तुमची सख्खी बहीण आहे. चोपन्न वर्षांचं नातं आहे. अजून मला विचारता?"

मालक उंबरा ओलांडून आत आले. मग म्हणाले, "सांग तरी. या वेळेपुरतं." छोटीने सांगितलं. ते चपला घालून बाहेर पडले आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीची आत्या आणि छोटीसाठी दोन तिकिटं घेऊन आले.

पुढचं मला छोटीने करून आणलेल्या व्हिडिओतून कळलं; त्याचीही लहान प्रत करून आणली, शहाणी मुलगी. खळीला आत्याचं कार्ड मिळालं होतं. "ठीक आहे" म्हणजे तिने येते असं समजून घेतलं होतं. रोज सकाळी ती खुर्ची दारासमोर नेमकी मधोमध ठेवून बसायची, कारण बाजूने कुणी आलं तर तिला दिसायचं नाही. जवळजवळ दोन आठवडे बसली. आत्या दारात उभी राहिली तेव्हा खळीने मान जराशी डावीकडे, जराशी उजवीकडे करून तिला त्या नाण्यात पकडलं, आणि पहिली खूण केली ती कान ओढायची. आत्याने स्वतःचे दोन्ही कान पकडले.

आत्या तिथे दीड महिना राहिली. व्हिडिओच्या शेवटी दोघी पायरीवर बसल्या आहेत. खळीने डोळे मिटून घेतलेत, आपले पंजे आत्याच्या हातांवर ठेवलेत, आणि आत्या बोलतेय. हाताखालच्या हातांतून खळी ऐकायला शिकतेय. एक शब्द तिला कळत नाही, आत्या पुन्हा करते. पुन्हा कळत नाही. मग कळतो, आणि खळीच्या गालाला खळी पडते. हे सगळं मी एकही गचका न खाता दाखवलं, याचा मला मतदारयाद्यांपेक्षा जास्त अभिमान आहे.

तो व्हिडिओ मालकांनी एकट्याने सात वेळा बघितला. आठव्या वेळी त्यांनी छोटीला फोन करून सांगितलं, मला शिकव. तिने हॉस्टेलवरून छोटे छोटे धडे करून पाठवले. रोज दुपारी मालक माझ्यासमोर बसायला लागले. जाड बोटं, जुन्या छपाईचे शिशाचे खिळे उचलायची सवय झालेली. खुणा धड जमेनात. ते थांबवायचे, मागे न्यायचे, स्वतःवरच वैतागायचे आणि पुन्हा करायचे.

आत्या परत आली तेव्हा ते दारातच उभे होते. तिच्या हातातली पिशवी घ्यायचंही विसरले आणि घाईघाईने हातांनी विचारलं. त्यांना विचारायचं होतं, प्रवास कसा झाला. एक बोट चुकलं आणि त्यांनी विचारलं, लग्न कसं झालं. आत्याने पिशवी खाली ठेवली आणि उत्तर दिलं, "अजून झालं नाही. बघतेय." मालकांना उत्तर कळलं नाही, पण आपल्याला उत्तर मिळालं हे कळलं. त्यांनी तिचे हात धरून ठेवले, आणि हात धरल्यावर तिला बोलता येत नाही हे लक्षात आल्यावर सोडले.

मित्रांनो, माझं मागणं फार मोठं नाही. आमच्यापैकी कुणी रखडायला लागला तर जुना झालाय म्हणायच्या आधी एकदा झाकण काढून बघा. पुष्कळदा आत नुसता कचरा असतो. आम्हाला पेलेल एवढंच ओझं द्या, म्हणजे आम्ही अजून पुष्कळ वर्षं उपयोगी पडू. आणि ज्या माणसाचं काम अडलंय, त्याला आधी विचारा की त्याला काय दिसतंय, काय जाणवतंय. शेजारी उभ्या असलेल्यालाच सगळ्यांत शेवटी विचारलं जातं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

आता मला जास्त बोलता येणार नाही. दुपारचे तीन वाजलेत, मालक चष्मा पुसत समोर येऊन बसलेत, आत्या शेजारी टाचणीची डबी घेऊन बसलीय आणि त्यांच्या चुका मोजणार आहे. आज अकरावा धडा. भाववाचक शब्द आहेत, अवघड आहेत. तेवढा संपेपर्यंत वीज जाऊ नये म्हणजे झालं.